माळ्यावरची खार: भोक बुजवायची घाई नको

आधी आवाज कधी येतो ते बघा. खार दिवसा हिंडते, त्यामुळे उजाडताना किंवा ऊन कलताना धावपळ ऐकू आली तर ती बहुधा खारच. मध्यरात्रीची खुडबुड मात्र उंदरांची असू शकते, त्याचा उपाय वेगळा.

खारच असेल तर भोक लगेच बुजवू नका. मी पहिल्या वेळी नेमकं तेच केलं. पिल्लं आत, आई बाहेर. संध्याकाळपर्यंत तिने शेजारची फळी कुरतडून नवीन भोक पाडलं, खाली ताज्या भुशाचा सडा. पिल्लं साधारण 10 ते 12 आठवडे आईवर अवलंबून असतात. आतून बारीक चिंचिं ऐकू आली तर तेवढं थांबाच.

वर्तमानपत्राचा बोळा भोकात सैल कोंबा. हवा बरी असताना 2-3 दिवस तो जागचा हलला नाही, तर माळा रिकामा समजा. हलला आणि पिल्लं नसल्याची खात्री असेल, तर एकतर्फी झडप बसवा; बाहेर पडता येतं, आत शिरता येत नाही.

खेटून असलेल्या जुन्या घरांत खरी गोम वेगळीच. मधली भिंत कित्येकदा छपरापर्यंत पोचलेलीच नसते. तुम्ही हाकललेली खार शेजाऱ्याच्या माळ्यावर. म्हणून झडपेआधी शेजाऱ्यांशी बोला, दोघांची भोकं एकत्र शोधा आणि बाकीची धातूच्या बारीक जाळीने बंद करा. फोमने बुजवलं तर खार ते सहज कुरतडते.

पकडून लांब नेऊन सोडणं दयाळू वाटतं, पण अनोळखी जागी तिला ना घरट्याचा पत्ता, ना अन्नाचा. विषाचं तर नावही काढू नका.