पाच आठवड्यांत डोक्याचा निकाल लावू नका

माजलगावकडच्या एका ताईंचं पत्र आहे. नवऱ्याचं वय 41, बारा वर्षांची दारू. दवाखान्यात दाखल होऊन सोडली, त्याला पाच आठवडे झाले. घरचं खत-बियाण्यांचं दुकान. त्या लिहितात: ‘दारू सुटली, पण माणूस लई इसरभोळा झालाय. युरिया मागितला की डीएपीची गोणी द्यायलेत, सुट्ट्या पैशाचा घोळ करायलेत. रात्री झोप नाही, जरा बोललं की अंगावर यायलेत. सासूबाई म्हणतात, पीत होता तेव्हाच बरा होता, आता डोकंच गेलं. दिराने कुठून तरी पावडर आणलीय, भाजीत कालव म्हणतो. कालवू का? डोकं परत येईल का?’

ताई, आधी पावडरीचं बघू. ती भाजीत टाकू नका आणि फेकूही नका, पुडीसकट डॉक्टरांना दाखवा. अशा पुडीत डायसल्फिराम असू शकतं. हे दारू सोडवण्याचं खरं औषध आहे, पण ते माणसाला सांगून, त्याच्या संमतीने आणि रक्त तपासून देतात. चोरून दिलं आणि त्यांनी एखाद्या लग्नात घोटभर घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. शेवटच्या डोसनंतर 14 दिवसांपर्यंत हा धोका राहतो. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी वेगळी औषधंही आहेत. यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट पाहून डॉक्टर त्यातलं निवडतात.

आता डोक्याचं. ते गेलेलं नाही. दारू मेंदूला गुंगवते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू बरोबरी साधायला स्वतःला जास्तच जागा ठेवायला शिकतो. दारू थांबली तरी ही सवय महिनोन् महिने ओसरत नाही. झोप न लागणं आणि चिडचिड तिथूनच येते. सासूबाईंना तेव्हा ‘बरा’ दिसायचा, कारण घोट पोटात गेला की हीच लक्षणं झाकली जायची. आकसलेला मेंदू दारू सुटल्यावर बऱ्यापैकी भरून येतो, हे स्कॅनमध्ये दिसतं, आणि सगळ्यात वेगाने तो पहिल्या काही आठवड्यांत, महिन्यांत भरतो. लक्ष आणि आठवण हळूहळू सुधारते. पण गिऱ्हाईकाशी बोलता बोलता हिशोब करणं, राग गिळणं, पुढचं ठरवणं ही कपाळामागच्या भागाची कामं. त्यांना कधी कधी वर्षही लागतं. बिडी-सिगारेट चालू असेल तर भरून येणं रेंगाळतं.

तोवर त्यांच्या डोक्यावरचं ओझं कागदावर उतरवा. गोण्यांच्या थप्पीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि भाव चिकटवा. माल देण्याआधी पावती लिहायचीच आणि गिऱ्हाईकाला वाचून दाखवायची. तोंडी हिशोब बंद, कॅल्क्युलेटर चालू. दुकानात दोन तास बसले की अर्धा तास सुट्टी. चूक झाली तर चारचौघांत बोलू नका. हे काही लाड नव्हेत. मोडलेल्या पायावर कुणी पोतं देत नाही, तसंच आहे हे.

बी-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर बंद करू नका. शरीरात याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो आणि दारू ते आतड्यातून नीट शोषू देत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी रोज असू द्या. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकत असाल तर थांबवा, त्याने थायमिन नासतं. संध्याकाळनंतर चहा नको, सकाळी अर्धा-पाऊण तास चालणं हवं. आणि झोपेसाठी मित्राने दिलेल्या गोळ्या अजिबात नकोत. मराठवाड्यात नशेच्या ज्या गोळ्यांना ‘बटन’ म्हणतात त्यांतल्या बऱ्याच झोपेच्या गोळ्यांच्याच जातीच्या असतात. एक व्यसन सुटून दुसरं लागतं.

थांबून चालणार नाही अशाही काही गोष्टी आहेत. अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं, चालताना झोकांड्या, डोळे थरथरणं किंवा दोन-दोन दिसणं: त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि ‘दारूचा पेशंट आहे, सलाईनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिनचं बघा’ हे स्वतः सांगा. पिण्याच्या दिवसांत गाडीवरून पडून डोक्याला मार लागला होता आणि आता डोकेदुखी, गुंगी वाढतेय, तर सीटी स्कॅन हवा. दिवसा झोप, रात्री जाग आणि हात फडफडणं असेल तर यकृत तपासा. फिट आली तर वाट पाहूच नका.

दुकानात कीटकनाशकं आहेत, म्हणून हेही स्पष्ट लिहिते. या दिवसांत माणूस खचतो. ‘जगून काय करायचं’ असं बोलले तर ते कपाट कुलपात आणि किल्ली तुमच्या कनवटीला. 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर कधीही मराठीत बोलता येतं. व्यसनासाठी 14446 आहे.

पिण्याची ओढ आली की ती साधारण अर्ध्या तासात उतरते. तेवढा वेळ पोटात काहीतरी आणि शेजारी कुणीतरी असू द्या. तुमच्याकडे ती कधी येईल ते सांगता येतं: आठवडी बाजार, सोयाबीन-कापसाची पट्टी (विकलेल्या मालाचे पैसे) मिळाल्याचा दिवस, लग्नसराई. त्या दिवशी जेवूनच बाहेर पडायचं आणि पट्टीचे पैसे खात्यात. दिराला खरंच मदत करायची असेल तर त्याने बाजारात सोबत जावं. एखाद्या वेळी घेतलीच तर सुधारलेलं सगळं पाण्यात गेलं असं नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. पण काही दिवस सलग प्याले, तर घरी एकदम बंद करू नका. दर खेपेला सोडतानाचा त्रास वाढत जातो.

तीन महिन्यांनी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजला किंवा संभाजीनगरला घाटी या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभागात, स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्या चाचण्या करून देतील का ते विचारा. तोवर उधारीची वही तुमच्या हातात राहू द्या, आणि बेरीज मात्र रोज त्यांनाच करायला लावा.