पृथ्वी थिएटरला नाटकाचा पहिला प्रयोग करताय? आधी एवढं बघ

अभिनंदन! पण पुण्याच्या बालगंधर्वच्या कमानी रंगमंचासाठी (जिथे प्रेक्षक फक्त समोर बसतात) बसवलेलं नाटक जसंच्या तसं मुंबईच्या पृथ्वीत नेऊ नकोस. तिथे प्रेक्षक तीन बाजूंनी बसतात आणि दर्शनी पडदा नाही.

- उंच कपाट, पाठीचा सोफा कडेला नको. नेपथ्य मागच्या भिंतीलगत ने.
- दोन नट समोरासमोर उभे केलेस की कडेच्या रांगांना एकाची नुसती पाठ दिसते. नवे दिग्दर्शक हमखास इथेच अडकतात. थोडं तिरकं उभं कर, लांब संवादात जागा बदलू दे.
- पहिली रांग अगदी जवळ असते. मोठे हातवारे तिथे खोटे वाटतात.

तालीम मधल्या खुर्चीतून बघू नकोस, दोन्ही कडांना बसून बघ. (नट कुरकुरतील, कुरकुरू देत.) प्रकाशयोजनेचं नंतर बोलू.