जावा ८ वरून १७ वर गेल्यावर 'बीसी' प्रोव्हायडर सापडत नाही

जुन्या सर्व्हरवर जावा ८ होतं तेव्हा सगळं नीट चालत होतं. आता जावा १७ च्या कंटेनरमध्ये तेच ॲप्लिकेशन 'नो सच प्रोव्हायडर: बीसी' म्हणून बंद पडतंय आणि कोडमध्ये काहीच बदललेलं नाही. 'बीसी' म्हणजे बाउन्सी कॅसल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी, आणि प्रोव्हायडर म्हणजे जावाला असे अल्गोरिदम पुरवणारा घटक. बहुतेक वेळा दोष कोडमध्ये नसतोच, म्हणून आधी ॲप्लिकेशन सुरू होतानाच प्रोव्हायडरची यादी लॉगमध्ये छापून घ्या. सिक्युरिटी क्लासची गेटप्रोव्हायडर्स मेथड ती देते. टर्मिनलवर वेगळा प्रोग्रॅम चालवून काढलेल्या यादीवर विसंबू नका. सर्व्हर एक जावा वापरतो आणि टर्मिनल दुसराच, असं सर्रास घडतं.

यादीत बाउन्सी कॅसल नसेल, तर माझा पहिला संशय जुन्या सर्व्हरच्या मांडणीवर आहे. जावा ८ मध्ये अनेक जण तिची जार (कोडचं बांधलेलं पॅकेज) थेट लिब/एक्स्ट फोल्डरमध्ये ठेवत आणि जावा.सिक्युरिटी या सेटिंगच्या फाईलमध्ये प्रोव्हायडरची एक ओळ वाढवत. जावा ९ पासून ते एक्स्ट फोल्डर बादच झालं आणि ती फाईल कॉन्फ/सिक्युरिटीमध्ये गेली. कंटेनरच्या नव्या इमेजमध्ये अर्थातच मूळ, न बदललेली फाईल आली. हाताने केलेला तो बदल कुठेच नोंदलेला नसल्याने कुणाच्या लक्षात येत नाही.

ओळ पुन्हा घालणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. प्रोव्हायडरचे क्रमांक सलग हवेत. मध्ये एक जरी सुटला तरी त्यापुढची यादी वाचलीच जात नाही. दुसरं म्हणजे, जार वेब-इन्फमध्ये (वेब ॲप्लिकेशनच्या आतल्या फोल्डरमध्ये) किंवा सगळ्या लायब्ररी कोंबलेल्या एकत्रित जारच्या पोटात असेल, तर जेव्हीएमच्या (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) सिस्टिम क्लासलोडरला, म्हणजे क्लास शोधून आणणाऱ्या भागाला, ती दिसत नाही आणि प्रोव्हायडर गुपचूप वगळला जातो. जावा.सिक्युरिटी.डीबग या प्रॉपर्टीला 'जेसीए' किंमत देऊन सुरू केलंत की हे लॉगमध्ये दिसतं.

माझं स्पष्ट मत: फाईलला हात लावू नका. बाउन्सी कॅसलचा ऑब्जेक्ट कोडमध्येच तयार करा आणि सायफर क्लासच्या गेटइन्स्टन्स मेथडला नावाऐवजी तो ऑब्जेक्टच द्या. मग नोंदणीचा प्रश्नच उरत नाही. त्याला यादीत पहिल्या क्रमांकावर बसवणं तर टाळाच, कारण टीएलएस (सुरक्षित नेटवर्क जोडणी) आणि कीस्टोअर (किल्ल्यांचा साठा) यांच्यासकट त्याच जेव्हीएममधल्या बाकी कोडचं वागणंही त्याने बदलू शकतं.

'जेसीई कॅनॉट ऑथेंटिकेट द प्रोव्हायडर' असा मेसेज आला तर प्रकरण निराळं. एकत्रित जार बांधताना बाउन्सी कॅसलच्या जारवरची डिजिटल सही मोडलेली असते. ती जार न फोडता वेगळी ठेवा. आणि फक्त टीएलएस हँडशेक फसत असेल, इमेज जेलिंकने (जावाचे नको ते भाग वगळणाऱ्या साधनाने) छाटलेली असेल, तर जेडीके.क्रिप्टो.ईसी मॉड्यूल आत आहे का ते बघा.

मुळात बाउन्सी कॅसल लागतं का, हेही तपासा. एईएस-जीसीएम ही एन्क्रिप्शनची पद्धत जावा ८ पासून जावाच्या स्वतःच्या प्रोव्हायडरमध्ये आहे, तेव्हा फक्त तेच वापरत असाल तर 'बीसी' हे नाव काढून टाकलं की भागतं. पण पासवर्डवरून 'की' (किल्ली) बनवणारे काही अल्गोरिदम फक्त बाउन्सी कॅसलमध्येच आहेत. त्यांनी एन्क्रिप्ट केलेला डेटा साठलेला असेल तर प्रोव्हायडर काढू नका. कुठलाही बदल प्रॉडक्शनवर नेण्याआधी जुन्या डेटाबेसमधल्या काही खऱ्या नोंदी नव्या कंटेनरमध्ये उलगडून बघा. आणि कृपा करून, एक्सेप्शन पकडून दुसऱ्या कच्च्या अल्गोरिदमकडे वळणारा कोड लिहू नका. एरर थांबेल, पण डेटा कमकुवत कुलपात जातोय हे कुणालाच कळणार नाही.