टचसाठी सात हजार घालू नका, पेनाची गरज असेल तर गोष्ट वेगळी

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी यंदा मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला गेली. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या दुकानात लॅपटॉपचं एकच मॉडेल दोन प्रकारांत दाखवलं, टचवाला, म्हणजे स्क्रीनला बोट लावून चालणारा, सात हजारांनी महाग. दुकानदार म्हणतो, आता सगळे टचच घेतात. शिवाय घरी वहिनी अकरावी-बारावीच्या गणिताचे क्लास घेतात, त्यांनाही स्क्रीनवर लिहिता येईल असा तुमचा विचार आहे.

मुलीसाठी टच घेऊ नका. वहिनींची गरज खरी आहे, पण ती या लॅपटॉपनं भागणार नाही. सविस्तर लिहितो, कारण सात हजार ही लहान रक्कम नव्हे आणि लॅपटॉप चार-पाच वर्षं वापरायचा आहे. ऑफिससाठी, नातेवाइकांच्या मुलांसाठी लॅपटॉप निवडून देणं आणि पुढं त्यांची दुरुस्ती निस्तरणं हे काम मी बरीच वर्षं करतोय.

तुम्हाला दाखवलेला लॅपटॉप साध्या बिजागरीचा आहे. स्क्रीन उभी, कीबोर्ड आडवा. अशा स्क्रीनला हात लावायचा तर दर वेळी कीबोर्डवरून हात उचलून पुढं न्यायचा. पाच मिनिटं मजा वाटते, अर्ध्या तासात खांदा भरून येतो. त्यात प्रत्येक टोचणीला स्क्रीन मागंपुढं हलते. मायक्रोसॉफ्टनं २०१२ साली विंडोज ८ आणलं ते सगळे आता बोटानंच काम करतील असं धरून. स्टार्ट मेनूही काढून टाकला होता. लोकांना ते रुचलं नाही आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनू परत आला. माऊस किंवा टचपॅड हाताशी असताना उभ्या स्क्रीनवर बोट नेण्याची गरज फारशी पडत नाही, हे माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक टच लॅपटॉपवाल्याचं झालंय. पहिला महिना संपला की टच आहे हे ते विसरून जातात.

मेकॅनिकलला तर ही अडचण जास्तच. उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपमध्ये कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर यंत्रांची ड्रॉइंग, करणाऱ्या पोराशेजारी दहा मिनिटं उभे राहा. त्याचा उजवा हात माऊसवरून हलत नाही. चाक फिरवून झूम, चाक दाबून ड्रॉइंग सरकवायचं आणि डाव्या हातानं कीबोर्डवर कमांड. ०.०५ मिलीमीटरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ज्या रेषेला द्यायचा, ती नेमकी बोटानं पकडता येत नाही. मुलीला दोन-तीनशे रुपयांचा, चाक नीट दाबलं जाणारा माऊस घेऊन द्या, त्याचा उपयोग टचपेक्षा कितीतरी जास्त होईल. टॅली किंवा एक्सेल ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनाही हेच लागू.

आता टचबरोबर गुपचूप काय काय येतं ते. बहुतेक टच स्क्रीन चकचकीत काचेच्या असतात. मागं खिडकी किंवा डोक्यावर ट्यूबलाइट असली की त्यात आपलंच तोंड दिसतं, मग ब्राइटनेस वाढवायचा आणि बॅटरी आणखी लवकर संपवायची. टचचा सेन्सर बोटाची वाट पाहत सतत चालू असतो, त्याचाही थोडा भार बॅटरीवर पडतोच. रात्री दोन-दोन तास पीडीएफ वाचणाऱ्या मुलीला मॅट, म्हणजे न चकाकणारी, स्क्रीनच हवी. आपल्याकडच्या पावसात ओल्या किंवा घामट बोटांना टच नीट दाद देत नाही, ते वेगळंच.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. घरात अर्थिंग धड नसेल, तर चार्जर लावल्यावर टच वेडंवाकडं वागू शकतं. आपण हात लावत नाही आणि मेनू आपोआप उघडतात, कर्सर उड्या मारतो. लोक व्हायरस समजून फॉरमॅट मारतात. चार्जर काढल्यावर थांबलं तर दोष विजेच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत हे हमखास बघायला मिळतं. अशा वेळी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ह्युमन इंटरफेस डिव्हायसेसखाली टच स्क्रीनची नोंद असते, ती डिसेबल केली की टच बंद होतं आणि बाकी लॅपटॉप व्यवस्थित चालतो. म्हणजे पैसे देऊन घेतलेली सोय स्वतःच्या हातानं बंद करायची.

दुरुस्तीचं तर बोलायलाच नको. साध्या लॅपटॉपचा ३० पिनांचा पॅनेल, म्हणजे स्क्रीनचा सुटा भाग, दुरुस्तीवाल्याकडं बहुतेक वेळा तयार मिळतो, दुपारी टाकला तर संध्याकाळी घरी. टचचा पॅनेल अनेकदा ४० पिनांचा किंवा काचेला चिकटवलेला असतो. काच तडकली तर आतला चांगला डिस्प्लेही सोबत बदलावा लागतो, आणि तो पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. हॉस्टेलवर, बसमध्ये, सॅकमध्ये चार वर्षं फिरणाऱ्या लॅपटॉपच्या बाबतीत हा विचार आधीच करायला हवा.

आता वहिनींचं. इथं मी टचच्या बाजूनं बोलेन, पण पेनासकट. गणित शिकवताना अपूर्णांक, वर्गमूळ, इंटिग्रलची चिन्हं टाइप करत बसणं म्हणजे वेळेची नासाडी. हातानं लिहिलेलं मुलांना जास्त कळतं, कारण पायरी कशी सुचली ते डोळ्यांसमोर घडतं. त्यासाठी स्क्रीन पूर्ण उलटून टेबलावर पाटीसारखी आडवी ठेवता येईल अशी ३६० अंशांची बिजागरी हवी आणि ॲक्टिव्ह पेन, म्हणजे आत स्वतःचं सर्किट असलेलं पेन हवं. रबरी टोकाचं शंभर रुपयांचं पेन म्हणजे निव्वळ जाड बोट. त्यानं 'क्ष' चा वर्ग लिहिला तर तो दोन आहे की ठिपका, तेच कळत नाही. तळहात टेकला की तिथंही रेघ उमटते. चांगलं ॲक्टिव्ह पेन असलं की स्क्रीनला तळहात आणि टोक यातला फरक कळतो, दाबानुसार रेघ जाड-बारीक होते. आपल्या गुजरीतला, म्हणजे सराफ बाजारातला, एखादा डिझायनर कोल्हापुरी साजाचं पान रेखाटताना वेलीची रेघ शेवटाला निमुळती करतो, तशी ओढायला हा दाबाचाच गुण लागतो. त्याला मी डोळे झाकून पेनवाला लॅपटॉप सुचवीन.

तुम्हाला दाखवलेला लॅपटॉप मात्र उलटत नाही. उभ्या हलत्या स्क्रीनवर वहिनींना एक गणितही सुवाच्य लिहिता येणार नाही. शिवाय मुलगी कॉलेजला जाताना तो बरोबर नेणार, मग क्लास कशावर घ्यायचा?

म्हणून तुमच्या जागी मी असं करेन. मुलीला बिनटचचा घ्या, १६ जीबी रॅमचा, आणि रॅम बोर्डाला सोल्डर, म्हणजे डाग देऊन पक्की, केलेली आहे की पुढं वाढवता येते ते विचारा. पॅनेल मॅट आणि शंभर टक्के एसआरजीबी मिळाला तर सोडू नका (स्क्रीन किती रंग दाखवते याची ही मापं), ४५ टक्के एनटीएससीवाले फिकट पॅनेल अजूनही सर्रास विकले जातात. वाचलेल्या सात हजारांतून वहिनींना स्क्रीन नसलेला साधा पेन टॅब्लेट, म्हणजे पेनानं लिहायचं पॅड, घ्या. तो यूएसबीनं घरच्या जुन्या कॉम्प्युटरलाही लागतो. नजर स्क्रीनवर आणि हात खाली पॅडवर, ही सवय व्हायला आठवडाभर लागेल, तेवढा धीर धरायला सांगा. लॉकडाउनमध्ये कित्येक शिक्षकांनी याच पॅडवर वर्ग चालवले.

हे सगळं वाचूनही पेनवाला उलटणारा लॅपटॉपच घ्यायचा ठरला, तर दुकानात तो चालू करून सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथं जा. 'पेन अँड टच' या ओळीत पेन आणि टच दोन्हीचा सपोर्ट लिहिलाय का पाहा. नुसता टच असेल तर ॲक्टिव्ह पेन चालणार नाही, दुकानदार काहीही म्हणो. मग त्याच कंपनीचं पेन मागून तळहात टेकवा आणि फूटपट्टी धरून एक तिरपी रेघ अगदी सावकाश ओढा. भरभर ओढलेली रेघ सगळीकडं सरळ येते, सावकाश ओढली की हलक्या स्क्रीनवर ती नागमोडी होते. पेन बॉक्समध्ये येतं की वेगळं घ्यावं लागतं तेही विचारा, आणि त्यात सेल कुठला लागतो ते बघा. काही पेनांना एएएए, म्हणजे रिमोटमधल्या सेलपेक्षाही बारीक सेल लागतो, तो गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. यूएसबीवर चार्ज होणारं पेन असेल तर तेच घ्या.

दुकानदारानं दाखवलेल्या दोन्ही प्रकारांचा पूर्ण मॉडेल नंबर इथं टाका, नुसतं सीरिजचं नाव नको. एकाच नावाखाली चार वेगवेगळे पॅनेल असतात. नंबर मिळाला की कुठला पॅनेल आणि रॅम वाढते का, ते बघून सांगतो.