दुधीला फुलं भरपूर येतात, पण भोपळा धरत नाही. खत कमी पडतंय का?

तुम्ही लिहिलंय की गच्चीत ड्रममध्ये दुधी लावलाय, वेल मांडवभर पसरलाय, रोज दहा-बारा पांढरी फुलं दिसतात. शेणखत घालून झालं, महिन्यातून दोनदा युरियाही झाला. बारके भोपळे येतात, बोटाएवढे होतात आणि पिवळे पडून गळतात. रोज सकाळी पाणी घालताना ते खाली पडलेले दिसतात. आता अजून काय खायला घालू, असा तुमचा प्रश्न आहे.

काहीच घालू नका. वेल उपाशी नाहीये. तुमच्या प्रश्नातला कामाचा शब्द मला "सकाळी" हा वाटला.

दुधीचं फूल तिन्हीसांजेला उमलतं. पहिल्या वर्षी मीही तुमच्यासारखीच रोज सकाळी नर फुलातली पूड मादी फुलाला लावायला ब्रश घेऊन गच्चीत जायची आणि मलूल झालेल्या पाकळ्यांशी झटापट करायची. अकरा भोपळे गेले. शेवटी गावाहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "अगं, हिची फुलं रात्रीची. सकाळी काय शोधतेस तिथं?" त्यांच्या गोठ्यावर दरवर्षी दुधी चढायचा, कोणी हातही लावायचं नाही आणि तरी शेजारीपाजारी वाटावे लागतील इतके भोपळे यायचे. तिथे अंधार पडला की मोठे पतंग फुलांवर यायचे. तुमच्या गच्चीवर ते येत असतीलच असं नाही.

आज संध्याकाळी सातच्या सुमाराला बॅटरी घेऊन वर जा आणि प्रत्येक फुलाच्या मागे बघा. बहुतेक फुलं लांब, बारीक देठावर असतील. ही नर फुलं. एखाद-दुसऱ्या फुलाचा देठ आखूड असेल आणि पाकळ्यांच्या खाली बारकासा, लव असलेला भोपळा आधीपासूनच लागलेला असेल. ते मादी फूल. हा बारका भोपळा म्हणजे धरलेलं फळ नव्हे, इथेच सगळ्यांची फसगत होते. ती नुसती तयारी आहे. परागकण पोचले तर तो वाढतो, नाही पोचले तर दोन-चार दिवसांत टोकाकडून पिवळा पडून गळतो. तुम्ही रोज झाडून काढताय ते हेच.

हातानं परागण करणं अगदी सोपं आहे. नुकतं उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या काढून टाका. मधल्या दांड्यावर पिवळी पूड दिसेल. ती मादी फुलाच्या मधोमध जो तीन भागांचा जाडसर, चिकट गोंडा असतो, त्याला सगळीकडून हलकेच लावा. सगळीकडून म्हणते त्याला कारण आहे. आत शेकडो बिया व्हायच्या असतात आणि प्रत्येक बीला स्वतःचा एक परागकण लागतो. तो कण गोंड्यावर रुजतो, त्यातून एक सूक्ष्म नळी निघते आणि खाली बीजांडापर्यंत जाते. बिया धरल्या की त्यांच्यातून निघणारी संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, भोवतालच्या गराला फुगायला लावतात. एका बाजूच्या बिया धरल्याच नाहीत तर ती बाजू मागे राहते आणि भोपळा वाकडा किंवा एका टोकाला निमुळता होतो. बाजारात असा वेडावाकडा दुधी दिसला की मला आता त्याचं अपुरं राहिलेलं परागण दिसतं.

त्याच वेलाचं नर फूल चालतं. लाल भोपळ्याचं चालत नाही. त्याचं पिवळं फूल उमलतं पहाटे, आणि त्याची नर फुलं उरली तर भजी करावीत. वेळेच्या बाबतीत या वेलींचं काही खरं नाही: शिराळं, म्हणजे दोडका, संध्याकाळी फुलतो आणि त्याचं सख्खं भावंड घोसाळं पहाटे. कारलं आणि काकडी सकाळची. त्यामुळे एका वेलाचं वेळापत्रक दुसऱ्याला लावू नका.

आता खताचं. "खायला घालणं" हा शब्द आपण सहज वापरतो, पण झाड खत खात नाही. सतराव्या शतकात व्हान हेल्मोंट नावाच्या माणसानं मोजून घेतलेल्या सुमारे 90 किलो कोरड्या मातीत विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाडाचं वजन जवळपास 74 किलोंनी वाढलं, माती कमी झाली साधारण 57 ग्रॅम. त्यानं निष्कर्ष काढला की झाड पाण्याचंच बनतं. तो अर्धाच बरोबर होता, कारण हवेचा हिशेब त्यानं धरलाच नव्हता. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळांनी पाठवलेलं पाणी घेतं आणि उन्हाच्या जोरावर त्यांची साखर करतं. वेलाचं जेवण ते. खोड, पान, तणावे, बिया सगळं त्यातूनच उभं राहतं. खतातली नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) ही द्रव्यं त्या 57 ग्रॅमच्या खात्यातली. आमटीतल्या मिठासारखी, हवीतच, पण मीठ वाढवून आमटी वाढत नाही.

त्यात युरिया म्हणजे नुसतं नत्र. नत्र भरपूर मिळालं की वेल पानांवर आणि शेंड्यांवर खर्च करत सुटतो, आणि नर फुलांचं प्रमाण वाढतं. कडक ऊन आणि मोठा दिवस यांचाही तोच परिणाम होतो. तुमच्या दहा-बारा फुलांत मादी एखादीच असेल तर त्यात आश्चर्य नाही. युरिया थांबवा. मूठभर राख नाहीतर थोडं पालाशयुक्त खत चालेल, तेही एकदाच.

मादी फुलं वाढवायची असतील तर शेंडा खुडा. वेलाच्या टोकाला तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरतं आणि बाजूच्या डोळ्यांना फुटू देत नाही. टोक काढलं की धाक जातो आणि बगलफुटी येतात, आणि दुधीत मादी फुलं जास्त करून या फुटव्यांवरच येतात. हल्ली सगळे ज्याला थ्रीजी कटिंग, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या फांद्या येईपर्यंत शेंडे खुडत जाणं, म्हणतात त्याचं मूळ हेच. नाव ऐकून मला आधी मोबाइलचं काहीतरी वाटलं होतं.

एक शंका मात्र फेडून घ्या. गळलेला एखादा भोपळा उभा चिरून बघा. आत अळ्या असतील तर तो फळमाशीचा उद्योग, मग कामगंध सापळा, म्हणजे नर माश्यांना वासानं ओढून पकडणारा सापळा, लावा. भोपळ्याच्या अंगावर डिंकासारखा थेंब दिसला तरी तोच संशय. आत स्वच्छ असेल तर बहुधा परागणच झालेलं नाही.

आणि दुपारी पानं लोंबली की घाबरून पाणी ओतू नका. कडक उन्हात पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं त्या वेळी पुरवू शकत नाहीत. संध्याकाळी पानं आपोआप ताठ झाली तर काही बिघडलेलं नाही. झाली नाहीत तर मात्र माती चाचपून पाणी द्या.

परागण जमलं की नाही ते दोन-तीन दिवसांत कळतं. देठ जाड होतो, भोपळा तजेलदार हिरवा राहतो आणि वजनानं खाली वळतो. सगळेच धरले तरी सगळेच राहतील असं नाही. ड्रममधल्या वेलाच्या पानांना जितक्यांची साखर पुरवता येते तितके तो ठेवतो आणि बाकीचे स्वतःच टाकतो. तेवढी गळ धरून चाला. मी परागण केलेल्या फुलाच्या देठाला लोकरीचा लाल धागा सैलसर बांधते आणि कॅलेंडरवर खूण करते. बारा-पंधरा दिवसांनी नख सहज रुततं, तेव्हा तोडायचा. भाजीवाल्याकडे नख लावलं की तो रागावतो, इथे कोणी रागवत नाही. चिरल्यावर एक फोड जिभेला लावून बघा, आणि कडू लागली तर अख्खा भोपळा टाकून द्या. कडू दुधी, विशेषतः त्याचा रस, विषारी ठरू शकतो.

बी हवं असेल तर एक भोपळा वेलावरच वाळू द्या, हलवला की आत बिया खुळखुळेपर्यंत. मिरजेत तंबोऱ्यासाठी जे भोपळे वापरतात ते याच जातीचे, पंढरपूरच्या बाजूला पिकणारे, चवीला कडू. तुमचं बियाणं पाकिटातलं संकरित असेल तर पुढच्या वर्षी भोपळा असाच येईल याची खात्री नाही, गावरान असेल तर ठेवा. पण ते नंतर. आज सात वाजता वर जा, आणि मादी फूल दिसलं तर फोटो टाका.