आधी फॉस्टर करून बघ

अगं, कुत्रं दत्तक घ्यायचं म्हणतेस ना, मग शेल्टरमध्ये गेल्या गेल्या जे पिल्लू पायाशी लोळेल तेच उचलून आणू नकोस. आधी पंधरा दिवस फॉस्टर कर, म्हणजे तात्पुरतं घरी आणून सांभाळून बघ. कोथरूडच्या माझ्या वन बीएचकेत सात कुत्री अशी राहून गेली. आठवी बिजली, ती गेलीच नाही. पहिले ३ दिवस वॉशिंग मशीनच्या मागून हलेना. मी पाण्याचं भांडं सरकवायचे आणि तिथेच फरशीवर भाजी निवडत बसायचे. चौथ्या दिवशी तिने मेथीच्या जुडीत नाक खुपसलं. ओढून काढायला जाऊ नकोस, एवढंच.

पिल्लू असेल तर पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या त्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची, धास्ती खरी. ६ ते ८ आठवड्यांपासून लस सुरू होते, मग ३-४ आठवड्यांनी बूस्टर, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची. डोस पुरे होईपर्यंत खाली बागेत नेऊ नकोस; तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. वाटीभर दूधही नको, बऱ्याच जणांना जुलाब होतात. कांदा, द्राक्षं, चॉकलेट तर अजिबात नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी येतील. येऊ देत. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरी लसीचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना हाताशी ठेव.

दिवाळीच्या तोंडावर मात्र आणू नकोस, फटाक्यांनी बिथरलेलं नवं कुत्रं दार उघडं दिसलं की पळतं. आणि एखादं मोठं, देशी कुत्रं बघच. पिल्लांना घरं मिळतात गं. जाताना जुन्या चादरी ने, तिथे कायम लागतात.