फियाटची चावी इतक्यात फिरवू नका

दादा, दांडिया बाजारातल्या वाड्यात काकांची फियाट वीस वर्षं उभी होती ना? मग चावीला हात लावू नका. बडोद्याचे इतके पावसाळे सोसल्यावर पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात. चारही स्पार्क प्लग (पेट्रोल पेटवायला ठिणगी देणारे) काढा, प्रत्येक भोकात दोन चमचे ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा. हे थांबणं फार महत्त्वाचं आहे. मग टॉप गिअरमध्ये गाडी हातानं हळूच ढकला. इंजिनचा पंखा फिरला, म्हणजे इंजिन मोकळं आहे, की जीव भांड्यात पडतो! अडलं तर जोर लावू नका, रिंग तुटते. जुनं पेट्रोल वार्निशसारखं वास मारतं, ते काढूनच टाका. इंजिन ऑइल बदला. कॉइलची (प्लगला करंट देणाऱ्या भागाची) वायर काढून, प्लग न लावता सेल्फ मारा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा विझला, म्हणजे ऑइलचा दाब आला, की मगच प्लग बसवा.